कंपनीच्या फाइली किती वर्षं ठेवायच्या? आधी मोजणी कुठून सुरू होते ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीतली साठ माणसांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, गाड्यांसाठी पत्र्याचे प्रेस पार्ट बनवते. ऑफिसातला आठ टीबीचा नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचा नेटवर्कवरचा डिस्कचा बॉक्स, ९६ टक्के भरलाय. मेल आणि रोजच्या फाइली गूगल वर्कस्पेसवर आहेत. मालक म्हणतात, पाच वर्षांपूर्वीचं सगळं उडवा. सत्तावीस वर्षं हिशेब सांभाळणारे काका म्हणतात, एकही कागद पुसायचा नाही. ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. कॉम्प्युटर बघणारा मुलगा म्हणतो, मोठा बॉक्स घ्या. ॲडमिन सांभाळणाऱ्या ताईंना हवंय ते एवढंच: कुठली फाइल किती वर्षं ठेवायची, याची यादी.

ताई, यादीतले आकडे पुढे येतीलच. पण पुणे-पिंपरी पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या फाइली आणि बॅकअप सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, आणि या काळात नुसती आकड्यांची यादी भिंतीवर लावून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. ‘आठ वर्षं’ असं लिहिलं की वाचणारा लगेच फाइलच्या तारखेपासून मोजायला लागतो. कायदा तसं मोजत नाही आणि तुमचे ग्राहकही तसं मोजत नाहीत. किती वर्षं हा प्रश्न दुसरा. कधीपासून हा पहिला.

हे मी कसं शिकलो ते सांगतो, कारण तुमच्या मालकांना नेमकं हेच करायचंय. चाकणच्या एका कारखान्यात जागा भरत आली होती. मी एक नियम बसवला: सात वर्षांत ज्या फाइलला कुणी हात लावला नाही, ती ‘पुसण्यासाठी’ फोल्डरमध्ये जाईल आणि तीस दिवसांनी आपोआप उडेल. तीस दिवस कुणीच काही बोललं नाही. कोण बोलणार? त्या फोल्डरमध्ये डोकावण्याचं कुणाचं कामच नव्हतं. पाच-सहा महिन्यांनी एका ब्रॅकेटची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तडकली. टूलरूमच्या माणसाने ड्रॉइंग उघडायला फोल्डर गाठलं, तर ते रिकामं. ब्रॅकेट रोज लाइनवर निघत होती. पण ड्रॉइंगमध्ये २००९ नंतर एकही बदल झाला नव्हता, कारण ते पहिल्याच वेळी बरोबर बनलं होतं. बॅकअप नव्वद दिवसांचा होता, म्हणजे तोही केव्हाच पुढे सरकला होता. शेवटी टूलरूमच्या कपाटात एक जुनी छापील प्रत सापडली. घडीवर फाटलेली, तेलाचे डाग पडलेली, एका मापावर बॉलपेनने दुरुस्ती केलेली. तिच्यावरून आणि तडकलेल्या डायवरून मापं घेऊन नवीन डाय बनली. तीन आठवडे गेले, ग्राहकाची बोलणी खावी लागली ती वेगळीच. चूक माझी होती. ‘बरेच दिवस बदललेली नाही’ म्हणजे ‘लागत नाही’ असं मी धरून चाललो. कारखान्यात बहुतेक वेळा उलटं असतं. जी गोष्ट पक्की बसलेली असते तिलाच कुणी हात लावत नाही.

म्हणून पहिलं काम: फाइलची ‘मॉडिफाइड डेट’ बघून काहीही पुसू नका. ती तारीख कॉपी करताना, नवीन बॉक्सवर हलवताना, कधी नुसतं उघडून सेव्ह केल्यानेही बदलते. तिच्यावर कसलाच निर्णय बसत नाही.

तुम्ही गाड्यांचे पार्ट बनवता, म्हणजे बहुधा आयएटीएफ १६९४९ या गाड्यांच्या उद्योगातल्या गुणवत्ता मानकाचं प्रमाणपत्र असणार. त्यात याच विषयाचं स्वतंत्र कलम आहे, ७.५.३.२.१. पीपीएपीचे (पार्टला ग्राहकाची मंजुरी मिळवण्याचे) कागद, टूलिंगची नोंद, डिझाइनचे रेकॉर्ड, खरेदी ऑर्डर आणि करार, हे सगळं तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत ठेवायचं आणि वर एक कॅलेंडर वर्ष. ग्राहकाने किंवा कायद्याने वेगळं सांगितलं असेल तर ते लागू. म्हणजे इथे वर्षांचा आकडाच नाही. पार्ट बंद झाला, त्याचे स्पेअरही बंद झाले, की मोजणी सुरू. काही ग्राहकांच्या अटींमध्ये पंधरा वर्षं लिहिलेली असतात. तेव्हा प्रत्येक ग्राहकाचं सप्लायर मॅन्युअल एकदा काढून त्यातलं ‘रेकॉर्ड रिटेन्शन’ हे पान वाचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि तुमच्या क्वालिटीच्या माणसाने ते स्वतः करायला हवं.

फोल्डरची मांडणीही याच अंगाने करा. ड्रॉइंग आणि पीपीएपी वर्षाप्रमाणे लावू नका, पार्ट नंबरप्रमाणे लावा. वर दोनच मोठे फोल्डर: ‘चालू पार्ट’ आणि ‘बंद पार्ट’. ग्राहकाकडून पार्ट बंद झाल्याचं पत्र किंवा मेल आला की त्या पार्टचं अख्खं फोल्डर तिकडे हलवायचं, नावाला बंद झाल्याचं वर्ष जोडायचं आणि ते पत्रही आतच ठेवायचं. मोजणी कधी सुरू झाली याचा पुरावा फाइलींच्या शेजारीच राहतो. पत्र नाही तर पार्ट चालूच धरायचा. ‘गेली दोन वर्षं ऑर्डर नाही’ हे कारण चालत नाही, स्पेअरची ऑर्डर पाच वर्षांनीही येते.

आता हिशेबाकडे येऊ, कारण मालकांची पाच वर्षं बहुधा तिथूनच आली आहेत.

कंपनी कायदा २०१३, कलम १२८(५): हिशेबाच्या वह्या आणि त्यांची व्हाउचर्स, चालू आर्थिक वर्षाच्या लगत आधीची किमान आठ आर्थिक वर्षं ठेवायची. २०२५-२६ चालू असेल तर २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंतचं सगळं हवं. चौकशी लागली तर सरकार ही मुदत वाढवू शकतं. पाच वर्षांनी उडवणं इथेच बाद होतं.

जीएसटीचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण ‘सहा वर्षं’ ऐकून सगळे फसतात. सीजीएसटी कायद्याचं कलम ३६ म्हणतं ७२ महिने. पण ते बिलाच्या तारखेपासून नाहीत, त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून आहेत. एप्रिल २०१८ चं एक बिल घ्या. ते २०१८-१९ या वर्षातलं. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत गेली होती. तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०२६. त्या एका बिलाला आठ वर्षं नऊ महिने सांभाळावं लागतं आणि म्हणायला ते ‘सहा वर्षांचं’ रेकॉर्ड! मुदतवाढ झाली नाही तरी एप्रिलचं बिल पावणेआठ वर्षं राहतंच: २०२३-२४ ची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४, म्हणून ते वर्ष ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. आणि अपील, रिव्हिजन किंवा चौकशी चालू असेल, तर त्या विषयाचे कागद अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा ही मुदत, यातलं जे उशिराचं असेल तोपर्यंत.

‘पोर्टलवर आहेच की सगळं’ हेही बऱ्याचदा ऐकतो. त्यावर विसंबू नका. जीएसटी पोर्टलवर विवरणपत्रांचा डेटा सात वर्षांपर्यंतच दिसेल असं धोरण २०२४ मध्ये जाहीर झालं आणि २०१७ च्या महिन्यांची विवरणपत्रं एकेक करून काढायलाही सुरुवात झाली होती. व्यापाऱ्यांनी अडचणी कळवल्यावर ती परत दाखवली गेली, पण धोरण कायम आहे. जी विवरणपत्रं आज उतरवून घेता येतात ती आजच घ्या.

आयकराचं उत्तर या दोन्हींच्या आत बसतं. १ सप्टेंबर २०२४ पासून फेरआकारणीची नोटीस साधारणपणे संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून तीन वर्षं तीन महिने, आणि ५० लाख किंवा त्याहून जास्त उत्पन्न सुटल्याचा मुद्दा असेल तर पाच वर्षं तीन महिने, एवढ्यात येऊ शकते. आठ-नऊ वर्षांचं ठेवलंत तर हे त्यात आलंच. पण दोन ठिकाणी थांबा. एक म्हणजे मशीन, शेड, जमीन. दहा वर्षांपूर्वी घेतलेली प्रेस आज विकली तर खरेदीचं बिल आज लागतं, म्हणून स्थावर आणि यंत्रांची बिलं ‘विकल्याच्या वर्षापासून नऊ’ अशी मोजा. दुसरं म्हणजे तोटा. एखाद्या वर्षाचा तोटा किंवा घसारा पुढे ओढत असाल, तर तो पूर्ण वळता होईपर्यंत त्या मूळ वर्षाचे कागद जिवंत आहेत असं समजा. हे दोन्ही तुमच्या सीएंना विचारून नावानिशी लिहून घ्या.

मी सहसा कारखान्यांना हिशेब आणि कराच्या सगळ्या फाइलींसाठी एकच साधा नियम देतो: आर्थिक वर्ष संपल्यापासून पूर्ण नऊ वर्षं. कायद्याने काही कागद आधी मोकळे होतात, हे खरं. पण प्रत्येक चलनासाठी वेगळं गणित मांडणारं माणूस साठ जणांच्या कंपनीत नसतं. टॅलीचा दहा वर्षांचा डेटा पेन ड्राइव्हमध्ये मावतो. वर्षभर जास्त ठेवल्याने काही बिघडत नाही आणि मोजण्यातली चूक टळते.

टॅलीवरून आठवलं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद) असलेलंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं आणि तो लॉग जपला आहे का हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. तो लॉग कंपनीच्या डेटातच राहतो. वर्ष संपल्यावर डेटा ‘स्प्लिट’ करून जुनं फोल्डर बाजूला टाकत असाल तर त्या फोल्डरलाही तोच नऊ वर्षांचा नियम. २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा असतो, हेही धोरणात एका ओळीत येऊ द्या.

सभांची मिनिट्स, सभासदांचं रजिस्टर, जमिनीची आणि भाडेपट्ट्याची कागदपत्रं, स्थापनेचे दाखले: कायम. यावर जास्त चर्चेची गरज नाही, सगळं मिळून दोन-चार जीबी होत नाही.

माणसांच्या रेकॉर्डवर मात्र मला जरा थांबायचंय. इथे कारखाने सगळ्यात निष्काळजी असतात आणि त्याची झळ ज्याला लागते तो त्यांच्याच लाइनवर आयुष्य काढलेला माणूस असतो.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. जादा पगारावर पेन्शन मिळण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ ला आला आणि पुढे अर्ज सुरू झाले, तेव्हा मालकांकडून महिन्यागणिक पगाराचा तपशील मागितला गेला. जुन्या माणसांच्या बाबतीत थेट १९९५ पासूनचा. त्या वेळी एका कारखान्यात मी बसलो होतो. निवृत्त झालेले एक ऑपरेटर गेटवर आले, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या पगाराच्या स्लिपा घेऊन. त्यांच्याकडे सगळे महिने नव्हते. आमच्याकडे होते, एका सीडीवर, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाइलींमध्ये. नशिबाने सीडी वाचली गेली. डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते, तशी उघडली. आकडे स्वच्छ दिसले. नावाच्या रकान्यात मात्र निव्वळ कचरा: इंग्रजी अक्षरं, कंस, उलटे स्वल्पविराम. त्या काळी नावं मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, आणि तो फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा. ज्या पॅकेजबरोबर तो आला होता ते पॅकेज आणि त्याची कॉपीप्रोटेक्शनची किल्ली, दोन्ही केव्हाच गायब. शेवटी टोकन नंबरवरून माणसं जुळवली. टोकन नंबरांचं हस्तलिखित रजिस्टर कुणीतरी फेकलं नव्हतं म्हणून. त्या बाबांना त्यांचा तक्ता मिळाला. ज्यांच्या कारखान्यांनी ‘तीन वर्षांनी हजेरीपट फाडायचा’ एवढंच पाळलं, त्यांची माणसं रिकाम्या हाताने परत गेली.

म्हणून पगारपत्रकं, पीएफची मासिक विवरणपत्रं, नॉमिनेशनचे फॉर्म, नेमणूक आणि सोडल्याचं पत्र, यांची मोजणी माणूस कंपनीत असेपर्यंत सुरूच करू नका. नोकरी सोडल्यानंतरही, माझं मत विचाराल तर, पगाराचा तक्ता कायम ठेवा. साठ माणसांचा वर्षभराचा तक्ता किती मोठा असतो? एका फोटोपेक्षा लहान. रोजचे पंचिंगचे लॉग, रजेचे अर्ज, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या मात्र तशा ठेवायची गरज नाही. त्यांची मुदत तुमच्या कामगार सल्लागाराकडून घ्या, नवे कामगार कायदे लागू झाल्यापासून रजिस्टरं बदलली आहेत.

याची दुसरी बाजू पण आहे. ‘ठेवा’ म्हटलं की एचआरचं फोल्डर गोडाऊन होतं. नोकरी न मिळालेल्या उमेदवारांचे बायोडेटा, कंत्राटी कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, कुणाच्या तरी पोटाच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, कुणाच्या मुलीच्या शाळेचा दाखला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कायद्याचं म्हणणं सरळ आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसरा कुठला कायदा ठेवायला सांगत नाही, तर ती पुसायची. सुरक्षेची काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण दंडाचं सोडा. ज्या कामगाराने विश्वासाने आधारची प्रत दिली, ती दहा वर्षांनी सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये पडलेली असणं बरोबर नाही. नाकारलेल्या उमेदवारांचे कागद मी सहा महिन्यांत पुसायला लावतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे: ९६ टक्के. मी आत्तापर्यंत भरलेले जितके बॉक्स उघडून पाहिले, त्यात कायद्याने लागणाऱ्या फाइलींनी जागा भरलेली फार क्वचित निघाली. नॅसवर ट्रीसाइझसारखं एखादं साधन चालवा आणि फोल्डर आकाराने लावून बघा. बहुधा हे निघेल: सीसीटीव्हीचं फुटेज, सोडून गेलेल्या माणसांच्या लॅपटॉपच्या अख्ख्या कॉप्या, आउटलुकच्या मेलच्या त्याच पीएसटी फाइलच्या सात आवृत्त्या, ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवीन’, ‘बॅकअप फायनल’ नावाची फोल्डरं, प्रदर्शनाचे व्हिडिओ आणि रोज एक नवी पडणारी टॅलीची कॉपी. यातलं काहीच ‘रेकॉर्ड’ नाही. सीसीटीव्हीला तीस दिवसांचं ओव्हरराइट लावा आणि ते नॅसवरून काढून त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डरवर न्या. अपघात, चोरी, भांडण झालं तर त्या दिवसाचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायचं, ही जबाबदारी सिक्युरिटीच्या प्रमुखाला नावाने द्या. टॅलीच्या कॉप्या: रोजची तीस दिवस, महिन्याची बारा महिने, ३१ मार्चची नऊ वर्षं. एवढ्यावर मला वाटतं बॉक्स निम्मा रिकामा होईल आणि मोठा बॉक्स घ्यायचा प्रश्न पुढच्या वर्षावर जाईल.

बॅकअप आणि मुदतीची साठवण, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुमच्या कॉम्प्युटरवाल्याशी बोलताना स्पष्ट ठेवा. बॅकअप हा काल रात्री होतं तसं परत मिळवण्यासाठी. तो फिरता असतो आणि फिरताच असावा. साठवण ही नऊ वर्षांपूर्वीची एक फाइल शोधून, उघडून, जशी होती तशी दाखवण्यासाठी. नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींच्या प्रती आहेत म्हणून बॅकअप आहे असं समजू नका. खंडणीवाला व्हायरस आला तर तो दोन्हींवर एकाच वेळी लिहितो. संपलेल्या वर्षांचं फोल्डर ‘फक्त वाचा’ करून ठेवा, त्याची एक प्रत कारखान्याबाहेर, आणि जमलं तर एक प्रत अशा क्लाउडवर जिथे ठरलेल्या तारखेपर्यंत ती कुणालाच पुसता येत नाही, ॲडमिनलासुद्धा. ॲमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. त्यातला कम्प्लायन्स मोड लावण्याआधी तारीख तीनदा तपासा, एकदा लावला की तो कुणालाच मागे घेता येत नाही.

गूगल वर्कस्पेसमध्ये लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे माणूस सोडून जाणं. लायसन्सचे पैसे वाचवायला खातं लगेच डिलीट करतात. डिलीट केलेलं खातं ॲडमिनला वीस दिवसांतच परत आणता येतं, त्यानंतर त्याच्या ‘माय ड्राइव्ह’मधलं सगळं गेलं. ड्राइव्हच्या ट्रॅशमधल्या फाइलीही तीस दिवसांनी आपोआप जातात, आणि त्यानंतर ॲडमिनच्या हातात पंचवीस दिवस असतात. कामाच्या फाइली ‘शेअर्ड ड्राइव्ह’वर ठेवायची सवय लावा, तिथे फाइल माणसाची नसते, कंपनीची असते. आणि खातं बंद करण्याच्या यादीत ‘ड्राइव्ह आणि मेल हस्तांतरित केले’ यावर तुमची सही झाल्याशिवाय डिलीट नाही, असं ठरवा. तुमच्या प्लॅनमध्ये व्हॉल्ट (मेल आणि फाइली मुदतीने जपायची गूगलची सोय) असेल तर त्यात मुदतीचे नियम लावता येतात, पण घाईने लावू नका. चुकीचा नियम जुन्या मेलवर लगेच लागू होतो आणि मग ते मेल परत येत नाहीत.

व्हॉट्सॲपचं काय? तुमच्याकडे अर्ध्या ऑर्डरी तिथेच येत असणार. ‘रेट फायनल, उद्यापासून चालू करा’ असा मेसेज परचेसच्या माणसाच्या खासगी फोनवर येतो, दोन वर्षांनी तो माणूस नसतो आणि फोनही नसतो. करारभंगाचा दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात. म्हणजे तुमचा पुरावा तुमच्या हक्काआधी मरतो. रेट, प्रमाण, तारीख ठरवणारा कुठलाही मेसेज त्याच दिवशी कंपनीच्या मेलवर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून परत पाठवायचा आणि समोरच्याचं उत्तर पार्टच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. उत्तराची प्रिंट किंवा स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ मेल ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७ मागतं ते हेच: रेकॉर्ड पुढे वापरता येईल असं असावं, मूळ रूपात किंवा मूळ अचूक दाखवणाऱ्या रूपात असावं, आणि कुणी, कुणाला, कधी पाठवलं ते त्यातून कळावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅशही (फाइलमधून काढलेला, तिची ओळख पटवणारा कोड) लिहावं लागतं, आणि मूळ फाइल नसेल तर त्या हॅशला काही अर्थ राहत नाही.

सर्व्हर, फायरवॉल, राउटर यांचे लॉग सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस भारतात ठेवायचे असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नवे नियम एक वर्ष सांगतात. आत्ताच एक वर्ष लावून टाका, जागा फारशी लागत नाही.

धोरणात एक वाक्य असं हवं जे बाकी सगळ्यांच्या वर चालेल. मी ते असं लिहितो: ‘एखाद्या विषयावर नोटीस, दावा, तपासणी, अपघात किंवा ग्राहकाची गंभीर तक्रार आली, तर संचालकांनी लेखी मोकळीक देईपर्यंत त्या विषयाची कुठलीही फाइल, मेल, मेसेज किंवा फुटेज पुसलं जाणार नाही, मुदत संपली असली तरी.’ नोटीस आल्यावर हे कॉम्प्युटरवाल्याला त्याच तासाला फोनवर कळलं पाहिजे, कारण आपोआप पुसणारे नियम थांबवायचं काम त्याचं. नोटीस आल्यानंतर नेहमीच्या नियमाने जरी फाइल उडाली, तरी बाहेरच्याला ती उडवल्यासारखीच दिसते.

पुसण्याची पद्धत: वर्षातून एकदा, सप्टेंबरमध्ये ऑडिट संपल्यावर. प्रत्येक फोल्डरचा एक मालक असतो, तो विभागप्रमुख, कॉम्प्युटरवाला नव्हे. मालक यादी बघतो, सही करतो, तुम्ही दुसरी सही करता. यादीत फोल्डरचं नाव, मुदत कशापासून मोजली ते, आणि कुठल्या नियमाने पुसतोय ते. मग फोल्डर नव्वद दिवस बाजूला, मगच खरं पुसणं. ही सही केलेली यादी कायम ठेवायची. उद्या कुणी विचारलं ‘हे कुठे गेलं’, तर उत्तर कागदावर असतं. जुन्या डिस्क भंगारात देताना नुसतं फॉरमॅट करून देऊ नका, आधी पूर्ण ओव्हरराइट करा. बंद पडलेली डिस्क असेल तर तुमच्याच प्रेसखाली घाला आणि यादीत तिचा सीरियल नंबर लिहा.

आणि आता काका. ‘एकही कागद पुसायचा नाही’ हे त्यांचं म्हणणं मालकांना हट्ट वाटत असेल, पण सत्तावीस वर्षांत कुठला कागद केव्हा मागितला गेला हे त्या एका माणसाला ठाऊक आहे. धोरण लिहायच्या आधी, निदान मार्चच्या आधी, रोज एक तास याप्रमाणे दोन आठवडे त्यांच्याशेजारी बसा. कपाटातल्या सीड्या, जुन्या हार्ड डिस्क, टॅली ७.२ च्या काळातली फोल्डरं, एकेक करून उघडायची. ते सांगतील तसं प्रत्येकाचं नाव, वर्ष, आत काय आहे आणि पासवर्ड लिहून घ्यायचा. जुन्या टॅलीचा डेटा आजच्या टॅलीत तसाच उघडत नाही, तो रूपांतरित करून घ्यायचा आणि खतावण्या पीडीएफमध्येही काढून ठेवायच्या. मराठीत टाइप केलेली जी पत्रं, करार, नोटिसा असतील त्या ज्या कॉम्प्युटरवर अजून नीट दिसतात तिथूनच फॉन्ट आत घेऊन पीडीएफ करा. तो कॉम्प्युटर बहुधा काकांच्याच टेबलाखाली असेल, पिवळा पडलेला. ते निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तो भंगारात काढेल. त्याच्यावर आजच चिठ्ठी लावा: ‘विचारल्याशिवाय हलवू नये’, आणि खाली तुमचं नाव.